ढापलेलं नव्हे, दाखवून घेतलेलं

"यात तुझ्या त्या माणसानं स्वतःचं असं काय केलंय?"

हापिसातल्या एका मित्राला गेल्या आठवड्यात मी एक मिक्सटेप ऐकायला दिली होती. सत्तर मिनिटांची. गॉथिक आणि इंडस्ट्रियल गाण्यांचे मॅशअप, एकाला एक जोडलेले, मध्ये कुठेही उसंत नाही. त्याने जेमतेम दहा मिनिटं ऐकलं, हेडफोन काढले, वरचा प्रश्न टाकला आणि उत्तराची वाट न बघता निकालही देऊन टाकला. "सगळं ढापलेलं आहे रे!"

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. वीकांत आहे, चहाचं आधण ठेवलंय, आणि आज भांडायचा मूड आहे. तर मंडळी, सुरुवात करूया.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. मॅशअप म्हणजे दोन किंवा जास्त तयार गाणी एकावर एक ठेवून बनवलेलं तिसरं गाणं. गळा एकाचा, वाद्यमेळ दुसऱ्याचा. आपल्याकडे असलं काही म्हटलं की पब्लिकला २००२ सालचं 'कांटा लगा' आठवतं. जुन्या गाण्याला ढिच्चॅक ठेक्याची फोडणी. ते वेगळं. मॅशअपमध्ये दोन्ही बाजू मूळच्या असतात, दोन्ही ओळखू येतात, आणि खरी गंमत त्या दोघांच्या भांडणात असते. मिक्सटेप हा शब्द कॅसेटच्या जमान्यातला. साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, डोकं लढवून गाण्यांचा क्रम लावायचा, भरायची आणि कुणाला तरी द्यायची. कॅसेट गेली, शब्द राहिला.

आता माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. दुसऱ्याचं घेऊन ते लपवणं ही चोरी. दुसऱ्याचं घेऊन ते सगळ्यांना ऐकू येईल असं समोर मांडणं ही चोरी नव्हे, ती टीका आहे, दाद आहे, कधी कधी चक्क टिंगल आहे. आणि गॉथिक-इंडस्ट्रियल संगीताला तर हा आक्षेप घेण्याचा अधिकारच नाही, कारण ते जन्मलंच मुळी उचललेल्या तुकड्यांतून.

भंगाराचा इतिहास

'इंडस्ट्रियल' हे नाव कुठून आलं? १९७६ साली थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश चौकडीने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तिचं नाव इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स. लंडनच्या हॅकनी भागात एका जुन्या कारखान्याच्या तळघरात त्यांचा स्टुडिओ होता आणि त्याला त्यांनी दिलेलं नाव होतं 'डेथ फॅक्टरी'. चौघांपैकी पीटर क्रिस्टोफरसन हा बाबा वाद्य म्हणून काय वाजवायचा? कॅसेट! इकडून तिकडून टेप केलेले आवाज, बोलणी, गोंगाट. सँपलर नावाचं यंत्र सर्वसामान्य संगीतकाराच्या आवाक्यात येण्याच्या आधीची ही गोष्ट. याच कंपनीने १९८१ मध्ये लेखक विल्यम बरोज याचे जुने टेप-प्रयोग रेकॉर्डच्या रूपात काढले. बरोज आणि त्याचा चित्रकार मित्र ब्रायन गायसिन यांचा फंडा असा होता की छापील मजकूर कात्रीने कापायचा, तुकडे उलटसुलट जोडायचे आणि काय अर्थ निघतो ते बघायचं. पुढे हाच प्रयोग त्यांनी टेपवर केला. म्हणजे बघा, ज्या कंपनीमुळे या संगीतप्रकाराला नाव मिळालं तिच्या यादीत कापाकापीचा हा मूळपुरुष आहे.

शेफिल्डमध्ये, म्हणजे पोलादाच्या गावात, कॅबरे व्होल्टेअर हा गट १९७३ पासून टेपची वेटोळी करून त्यावर गाणी रचत होता. पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली आइनश्ट्यूर्त्सेंड नॉयबाउटन (अर्थ: कोसळत्या नव्या इमारती!) या गटाने ड्रमऐवजी पत्रे, लोखंडी स्प्रिंगा आणि ड्रिल मशीन वाजवायला घेतलं. सुरुवातीचं एक ध्वनिमुद्रण त्यांनी महामार्गाच्या पुलाच्या पोटातल्या पोकळीत बसून केलं. जानेवारी १९८४ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये त्यांच्यापैकी काही जण आणि इतर मंडळींनी यंत्रांचा कार्यक्रम केला, त्यात स्टेजच खोदायला काढलं आणि शेवटी कार्यक्रम बंद पाडावा लागला.

आणखी मागे जायचं तर १९४८ मध्ये पॅरिसला पिएर शेफेर या रेडिओ इंजिनियरने आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित करून, कापून-जोडून एक रचना केली होती. इंजिनियर होता हो, आपल्यातलाच!

या सगळ्यांनी 'स्वतःचं' काय केलं? आगगाडी शेफेरने बनवली नव्हती. पत्रा नॉयबाउटनने ओतला नव्हता. त्यांनी ऐकलं, निवडलं आणि शेजारी ठेवलं. एवढंच केलं. पण काय शेजारी काय ठेवायचं हे कळण्यातच सगळं आलं.

गॉथिक तरी कुठे सोवळं आहे?

"ठीक आहे, इंडस्ट्रियलवाले भंगारवाले. पण गॉथिक म्हणजे कसं भावनेचं संगीत. त्याची कशाला मोडतोड?" असाही एक सूर असतो.

गॉथिक रॉकचं पहिलं गाणं म्हणून ज्याचं नाव घेतात ते बाउहाउस या नॉर्दॅम्प्टनच्या गटाचं 'बेला लुगोसीज डेड', साल १९७९. नऊ मिनिटांहून लांब. बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या सिनेमातला ड्रॅक्युला. तो १९५६ मध्येच वारलेला. म्हणजे गाण्याचा विषय उसना. गिटारवरचे ते घुमत जाणारे प्रतिध्वनी जमैकाच्या डब संगीतातून आलेले. ठेका तर बोसा नोव्हाच्या वळणाचा, म्हणजे ब्राझीलकडचा! जमैकाचा प्रतिध्वनी, ब्राझीलचा ठेका आणि हॉलिवुडचं भूत हे तिन्ही एका इंग्लिश गावात एकत्र आणलं आणि जन्माला आलं 'शुद्ध' गॉथिक. घ्या!

लीड्सच्या द सिस्टर्स ऑफ मर्सी या गटात ड्रमरच नव्हता. होतं एक ड्रम मशीन. त्याला त्यांनी 'डॉक्टर अ‍ॅव्हलांश' असं नाव ठेवलं आणि गटाचा सदस्य म्हणून मिरवलं. माणसं आली-गेली, डॉक्टरसाहेब टिकून राहिले (त्यांचं यंत्र तेवढं वेळोवेळी बदललं).

जॉय डिव्हिजनच्या इयन कर्टिसने मे १९८० मध्ये आत्महत्या केली. उरलेल्यांनी न्यू ऑर्डर हा गट काढला आणि १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' आणलं. त्यातला तो गूढ कोरससारखा आवाज क्राफ्टवेर्कच्या १९७५ च्या रेकॉर्डवरून उचललेला आहे. आणि याच 'ब्लू मंडे'च्या संगीतावर २००२ च्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात कायली मिनोगने स्वतःचं पॉप गाणं गायलं. म्हणजे दुःखातून उभ्या राहिलेल्या गटाचं थंड, यांत्रिक संगीत, त्यात जर्मन तुकडा, त्यावर ऑस्ट्रेलियन पॉप. या साखळीतली 'अस्सल' कडी कोणती ते मला दाखवून द्या, मी पुढचा लेख लिहिणार नाही.

शेजारी ठेवल्याने काय होतं?

आता मुख्य मुद्दा. दोन गाणी एकत्र केल्याने नवं काय कळतं?

सगळ्यात झणझणीत उदाहरण लायबाखचं. हा स्लोव्हेनियातल्या त्रबोवल्ये या खाण-कारखान्यांच्या गावातला गट, स्थापना १९८०, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात. १९८७ मध्ये त्यांनी क्वीन या गटाचं 'वन व्हिजन' घेतलं. स्टेडियममध्ये हजारो लोक हात वर करून म्हणतात तसलं गाणं. यांनी शब्दांचं जवळपास सरळ जर्मन भाषांतर केलं, खाली लष्करी नगारे आणि तुताऱ्या लावल्या, आणि गायकाने ते खर्जातल्या हुकमी आवाजात म्हटलं. ऐकताना अंगावर काटा येतो. कारण नवं काही घातलेलंच नाही! एक माणूस, एक ध्येय, एकच उत्तर असला सगळा मामला मूळ गाण्यातच होता. आपण नाचत होतो म्हणून दिसत नव्हता. काटेकोरपणे बोलायचं तर हा मॅशअप नाही, पण मॅशअपचं तत्त्व हेच. शब्द तेच ठेवा, शेजार बदला, आणि आत काय दडलंय ते बाहेर येतं.

उलट दिशेचं उदाहरण २०१३ चं. पॉमडिटर या टोपणनावाच्या माणसाने नाइन इंच नेल्सचं १९८९ चं 'हेड लाइक अ होल' घेतलं. पैशाच्या गुलामगिरीविरुद्ध ओरडणारं रागीट गाणं. आणि ट्रेंट रेझ्नरचा तो आवाज ठेवला कार्ली रे जेप्सनच्या 'कॉल मी मेबी'च्या गोड-गोड व्हायोलिनांवर. तुम्ही हसता. मग हसू थांबतं, कारण ते बसतं. फारच छान बसतं. आणि मग लक्षात येतं की रेझ्नर हा काळ्या कपड्यातला राक्षस वगैरे असला तरी मुळात पक्का पॉप गीतकार आहे. त्याची धृपदं तशीच बांधलेली आहेत. समीक्षकाने दहा पानं लिहून जे पटवलं नसतं ते इथे काही मिनिटांत कानाला पटतं.

मी दिलेल्या त्या सत्तर मिनिटांच्या मिक्सटेपमध्ये हेच चालू असतं. एका जागी कारखान्यासारख्या ठोक्यावर कुणा पॉप गायिकेचा प्रेमाचा आर्जव येतो आणि तो आर्जव अचानक धमकीसारखा वाटू लागतो. दुसऱ्या जागी एका गॉथिक गायकाचा खर्ज डिस्कोच्या ठेक्यावर येतो आणि त्याच्या उदासपणातला नाटकी भाग उघडा पडतो. मग पुढच्या गाण्यात तोच गायक त्याच्या मूळ संगीतासह येतो आणि आता तो खरा वाटतो. हा क्रम आपोआप लागत नाही. कुणीतरी रात्री जागून लावलेला असतो.

"सोपं असतं रे, दोन फायली ओढायच्या"

बरं, हे म्हणणारे बहुतेक सगळे इंजिनियर असतात, म्हणून तांत्रिक बोलतो.

एक गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं, दुसरं १२६ चं. पहिलं पाच टक्क्यांनी पळवायला हवं. रेकॉर्ड नुसती जोरात फिरवली तर पट्टीही जवळपास अर्ध्या स्वराने चढते. मग ती दुसऱ्या गाण्याच्या पट्टीशी भांडते. वेग आणि पट्टी यांची फारकत करणारं सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर आलं ते नव्वदीच्या शेवटी, अ‍ॅसिड (१९९८) आणि मग एबलटन लाइव्ह (२००१) वगैरे. मॅशअपची लाट नेमकी त्याच सुमारास का आली याचं अर्धं उत्तर इथे आहे.

दुसरी अडचण नुसता गळा मिळवण्याची. काही सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूला कोरडा गळा मिळायचा. नाहीतर नुसत्या संगीताची आवृत्ती शोधायची, ती उलट्या फेजमध्ये मूळ गाण्यावर टाकायची. सारखं ते सारख्याने कटतं आणि खाली गळा उरतो. अर्थात दोन्ही आवृत्त्या नमुन्यापर्यंत तंतोतंत जुळल्या तरच. २०१९ मध्ये डीझर या कंपनीने स्प्लीटर नावाचा मुक्तस्रोत प्रोग्राम दिला आणि यंत्रच गाण्याचे थर वेगळे करू लागलं. आता गळा काढणं खरंच सोपं झालंय, मान्य.

पण त्यामुळे चांगले मॅशअप वाढले का? नाही. वाईट वाढले. म्हणजे अवघड काम गळा काढण्याचं नव्हतंच, ते निवडीचं होतं. कंपायलर फुकट मिळतो म्हणून सगळे चांगला कोड लिहितात का?

"पण परवानगी?"

हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. परवानगीचा प्रश्न खरा आहे. ज्याने गाणं केलं त्याला पैसे आणि नाव मिळायला हवं. पण परवानगी घ्यायला गेलं की काय होतं ते बघा.

टूमेनीडीजेज या नावाने वाजवणाऱ्या दोन बेल्जियन भावांनी २००२ मध्ये एक मिक्स अल्बम रीतसर काढला. जवळपास तीन वर्षं लागली. ८६५ ईमेल, १६० फॅक्स, शेकडो फोन. १८७ गाण्यांसाठी विचारणा झाली. त्यापैकी ११४ ना होकार, ६२ ना नकार, आणि ११ चे मालकच सापडेनात. ही रेकॉर्ड कंपनी पाठीशी असलेल्यांची कथा. घरी बसून शनिवार-रविवारी टेप बनवणाऱ्या, पैसे न घेणाऱ्या माणसाने काय करावं? १६० फॅक्स?

रिचर्ड एक्सने २००१ मध्ये ट्यूबवे आर्मीच्या १९७९ च्या थंडगार सिंथेसायझरवर अडिना हॉवर्डचा आवाज ठेवून एक बेकायदा रेकॉर्ड काढली. लोकांना ती भयंकर आवडली. मूळ आवाजाची परवानगी मिळाली नाही, म्हणून २००२ मध्ये शुगाबेब्सकडून गाऊन घेतली आणि ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे कल्पना चालली, पैसे झाले, ट्यूबवे आर्मीच्या गॅरी न्यूमनलाही श्रेय मिळालं. बेकायदा रेकॉर्ड आधी निघाली नसती तर यातलं काहीच झालं नसतं.

आणि आता माझा लाडका खटला. क्राफ्टवेर्कचं १९७७ चं 'मेटाल आउफ मेटाल', म्हणजे धातूवर धातू. त्यातला दोन सेकंदांचा, हो, दोन सेकंदांचा ठोका जर्मन निर्माता मोझेस पेल्हामने १९९७ च्या एका रॅप गाण्यात वापरला. त्यावरून सुरू झालेलं भांडण वीस वर्षांहून जास्त चाललं. २०१६ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने पेल्हामच्या, म्हणजे कलेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की छोट्यात छोटा तुकडा घेतला तरी परवानगी लागेल, मात्र तो इतका बदलला असेल की कानाला ओळखूच येत नाही, तर लागणार नाही. २०२३ मध्ये प्रकरण पुन्हा त्याच न्यायालयाकडे गेलं, आता 'पॅस्टिश' म्हणजे नक्की काय हे विचारायला.

२०१९ चा तो अपवाद परत वाचा. घ्या, पण ओळखू येणार नाही असं करून घ्या. हा कायद्याचा सल्ला! आमच्याकडे याला चोरी पचवणं म्हणतात. आणि जो माणूस राजरोस सांगतो की बघा, हा ठोका याचा, हा गळा तिचा, तो गुन्हेगार.

यंत्रांनीही हाच धडा गिरवला. यूट्यूबने २००७ मध्ये कंटेंट आयडी आणलं. असल्या ठसा जुळवणाऱ्या प्रणालींचं तत्त्व साधारण असं असतं की ध्वनीच्या आलेखातली ठळक शिखरं टिपायची, त्यांचा ठसा बनवायचा आणि साठवलेल्या ठशांशी ताडून बघायचा. सुंदर अल्गोरिदम आहे, मला मनापासून आवडतो. पण ते फंक्शन परत काय करतं? 'जुळलं' किंवा 'नाही जुळलं'. टीका आहे की विडंबन, दाद आहे की डल्ला, हे त्याला विचारलेलंच नाही. शिवाय पट्टी थोडी इकडेतिकडे केली की असे ठसे चुकवता येतात. म्हणजे इथेही लपवणारा सुटतो आणि मूळ आवाज प्रामाणिकपणे जसाच्या तसा ठेवणारा अडकतो. सत्तर मिनिटांच्या टेपमध्ये तीस गाणी असतील तर तीस वेळा अडकतो. एका सकाळी टेप गायब, आणि ती कुठे होती हे सांगणारी पाटीही नाही.

सोवळं कुणी नेसावं?

आता जरा आपल्याकडे. शुक्रवारी तुम्ही जो बिल्ड सोडलात त्यात तुमच्या स्वतःच्या ओळी किती होत्या? खरं सांगा. खाली लिनक्स, वर कुणाकुणाच्या शंभर लायब्ऱ्या, त्यांच्या खाली आणखी शंभर, आणि सगळ्यात वर आपला चिमूटभर कोड, तोही तीन चहा आणि चार मीटिंगांनंतर लिहिलेला. याला आपण 'ढापलेलं' म्हणत नाही. याला आपण 'आर्किटेक्चर' म्हणतो आणि त्यावर पगारवाढ मागतो. हे चालतं कारण मुक्तस्रोताच्या जगाने एक साधा नियम पाळला आहे. वापरा, बदला, पण कुणाचं आहे ते लिहा. लायसन्सची फाइल सोबत ठेवा. मिक्सटेपसोबत येणारी गाण्यांची यादी म्हणजे दुसरं काय?

मराठी माणसाने तर याचं नवल करूच नये. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तकं उघडून बघा. पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' लिहिलेली असते आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द. आडपडदा नाही, लाज नाही.

आणि संगीतकारांपैकीही काहींना हे कळलेलं आहे. रेझ्नरने २००५ मध्ये आपल्या एका गाण्याचे सगळे सुटे थर लोकांना फुकट दिले, घ्या आणि काय हवं ते करा म्हणून. २००८ मध्ये 'घोस्ट्स'चे चार भाग क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली काढले. त्यातला एक बँजोसारखा तुकडा यंगकीओ या डच पोराने उचलून त्यावर बीट केलं, लिल नास एक्सने ते तीस डॉलरला घेतलं आणि २०१९ मध्ये 'ओल्ड टाउन रोड' अमेरिकेच्या यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. (परवाना व्यावसायिक वापराला मोकळीक देणारा नव्हता. गाणं गाजायला लागल्यावर परवानगीचे सोपस्कार झाले आणि रेझ्नर-रॉस जोडीची नावं गीतकारांत लागली.) इंडस्ट्रियलचा तुकडा, त्यावर रॅप आणि घोड्यावरचा काउबॉय. जगबुडी झाली नाही. सगळ्यांना पैसे मिळाले.

आत्ताच हे सगळं का सांगतोय

कारण वारं फिरलंय. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकेंड यांच्या नकली आवाजातलं एक गाणं आलं, जे त्या दोघांनी कधी गायलंच नव्हतं. जून २०२४ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडियो या गाणी 'तयार' करून देणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले, आमची गाणी न विचारता यंत्राला शिकवायला वापरली म्हणून. आता 'उदास, गॉथिक, मशीनचा ठेका' असं टाइप केलं की अर्ध्या मिनिटात गाणं मिळतं. त्यात कुणाचा गळा आहे, कुणाचा ठोका आहे, काही कळत नाही. यादी नाही, 'चाल' नाही. सगळं पिठात दळून टाकलेलं, आणि वर लेबल काय, तर 'मौलिक'!

माझ्या मित्रासारखे लोक हे ऐकून म्हणतात, "हे मात्र ओरिजिनल आहे हं." माझा सगळा राग इथे आहे. ज्याने तीस नावं लिहून दिली तो चोर, आणि ज्याने लाखो नावं गिळली तो निर्माता? ही उलटी न्यायपद्धती आपण बिनबोभाट स्वीकारत चाललोय, कारण आपल्याला ओळखू आलं की आपण त्याला उसनं म्हणतो आणि ओळखू आलं नाही की नवं म्हणतो. आपल्या कानाचा आळस आपण कलेचा निकष करून टाकला.

मॅशअप खोटं बोलत नाही हे लक्षात घ्या. त्यात ऐकू येणारा प्रत्येक शब्द त्या गायकाने किंवा गायिकेने खरंच कधीतरी, कुठल्यातरी स्टुडिओत उभं राहून गायलेला असतो. फक्त शेजार नवा असतो. नकली आवाजाच्या गाण्यात शेजार ओळखीचा वाटतो आणि माणूसच नसतो. यातलं जास्त भुताटकीचं कोणतं ते तुम्हीच ठरवा. काळे कपडे घालून वटवाघळांची चित्रं लावणारे गॉथिकवाले मला तरी त्या मानाने फारच निरुपद्रवी वाटतात :)

सगळे मॅशअप चांगले असतात असं मी म्हणत नाही. नव्वद टक्के फालतू असतात, एकदा हसून विसरायचे. कुणाचा आवाज बदनामीसाठी वापरला तर तेही चूकच, आणि टेप विकायला काढली तर मूळवाल्यांचा वाटा द्यायलाच हवा. पण फुकट, नावांसकट, विचार करून लावलेली टेप आणि डल्ला यांना एकाच पारड्यात घालणं हा निव्वळ आळस आहे.

तर आता कामाचं. अशी एखादी टेप हाती लागली तर अर्ध्यात सोडू नका, क्रमाने पूर्ण ऐका. सोबतची यादी वाचा. त्यातलं जे गाणं मनात राहिलं ते मूळ गाणं शोधा आणि त्याचे पैसे मोजून विकत घ्या. टेपची प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवा, कारण उद्या ती जागेवर असेल याची खात्री नाही. आणि स्वतः टेप बनवत असाल तर यादी दिल्याशिवाय ती कुणाला देऊ नका. एका नावाचाही कंटाळा करू नका. आपल्यात आणि त्या पीठ दळणाऱ्या गिरणीत फरक आहे तो त्या यादीचाच.